फोटो, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय : कोणती तपासणी कशासाठी?

वस्तीत एखाद्या घरी आजारपण आले की पहिल्या दोन दिवसांतच कुणीतरी हमखास म्हणते, "साध्या फोटोत काय दिसणार? मोठ्या मशीनवर काढा, म्हणजे सगळे कळेल." सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण या समजुतीपायी कुणाची पोत गहाण पडते, कुणी बचत गटातून कर्ज उचलते, आणि जी तपासणी खरोखर हवी होती ती राहूनच जाते. सगळे दाखवणारे यंत्र अजून कुणी बनवलेले नाही. काही यंत्रांना हाड चांगले दिसते, काहींना पाणी, काहींना सांडलेले रक्त. दोनशे रुपयांच्या फोटोत जे स्पष्ट दिसते ते कित्येक हजारांच्या एमआरआयमध्ये नीट दिसतही नाही, असे अनेकदा घडते. म्हणून या अंकात आम्ही या यंत्रांविषयी जरा सविस्तर लिहीत आहोत.

एक्स-रे म्हणजे सावली

दिव्यासमोर हात धरला की भिंतीवर सावली पडते. एक्स-रे हीसुद्धा सावलीच आहे. फरक एवढाच की हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि मांसातून आरपार जातात. हाडात कॅल्शियम असते, ते किरण अडवते, म्हणून हाड पांढरे दिसते. फुफ्फुसात हवा असते, किरण सरळ निघून जातात, म्हणून फुफ्फुस काळे दिसते. जर्मनीत वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये हे किरण सापडले. त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी एवढेच दिसत होते. राँटजेन यांना १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले, पण या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. म्हणूनच हे तंत्र जगभर इतक्या झपाट्याने पोचले.

मोडलेले हाड, निखळलेला सांधा, न्यूमोनिया, छातीत भरलेले पाणी, मुलाने गिळलेले नाणे, यांसाठी आजही पहिली तपासणी एक्स-रेच. मोडलेल्या हाडाचे दोन बाजूंनी फोटो काढतात, कारण समोरून सरळ दिसणारे हाड बाजूने सरकलेले असू शकते. तेव्हा "दोन फोटोंचे पैसे कशाला?" असे म्हणून वाद घालू नये. गुडघा झिजला आहे का हे पाहायचे असेल तर फोटो उभे राहून काढलेला बरा. झोपून काढला तर अंगाचा भार गुडघ्यावर येत नाही आणि झीज कमी दिसते. मनगटातल्या एका छोट्या हाडाची चीर पहिल्या दिवशी फोटोत बहुधा दिसत नाही. दहा-बारा दिवसांनी दिसते. म्हणून "फोटो नॉर्मल आहे, पण दुखणे राहिले तर पुन्हा या" असे डॉक्टर म्हणाले तर जावे.

आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने एक्स-रेचे सर्वांत मोठे काम क्षयरोगाचे आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त, असे काही असेल तर छातीचा फोटो हवाच. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. फोटोतला डाग क्षयाची शंका देतो, खात्री देत नाही. खात्री बेडक्याच्या तपासणीने होते, आणि सरकारी केंद्रात ती मोफत आहे. सीबीनॅट नावाच्या यंत्रावर जंतू आहे की नाही आणि मुख्य औषधाला तो दाद देईल की नाही, हे दोन्ही काही तासांत कळते. उलट बाजूही आहे. क्षय पूर्ण बरा झाला तरी फुफ्फुसावर व्रण राहतो, जसा भाजल्याचा डाग कातडीवर राहतो. पाच वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी फोटो काढला की तो व्रण दिसतो, आणि बेडका न तपासता पुन्हा सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. पूर्वी क्षय झाला असेल तर ते सांगा आणि जुना फोटो दाखवा. डाग तेवढाच आहे की वाढला, हे त्याखेरीज कळत नाही. खडी मशीन, दगडखाण, वाळू मारण्याचे काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसात धूळ साचून होणारा सिलिकोसिससुद्धा फोटोत क्षयासारखाच भासू शकतो. डॉक्टरांनी कामाविषयी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे.

किरणांची भीती अनेकांना असते. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्या अंगावर सतत थोडे किरण पडतच असतात. छातीच्या एका फोटोत जेवढे किरण लागतात तेवढे साधारण दहा दिवस नुसते घरी बसले तरी मिळतात. फोटो काढून झाला की अंगात काही शिल्लक राहत नाही. मात्र दिवस गेले असतील, किंवा पाळी चुकली असेल, तर आधी सांगावे. लहान मुलाला धरायला आत जावे लागले तर शिशाचा एप्रन मागून घ्यावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही, तो तुमच्यासाठीच तिथे टांगलेला असतो.

आवाजाने पाहणारी सोनोग्राफी

सोनोग्राफीत किरण नसतात, आवाज असतो. वटवाघूळ अंधारात आवाज सोडते, प्रतिध्वनी ऐकते आणि वाट काढते, तसेच हे यंत्र करते. हा आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. तो अंगात शिरतो, जिथे एक भाग संपून दुसरा सुरू होतो तिथून परत येतो, आणि त्या परत आलेल्या आवाजाचे चित्र पडद्यावर उमटते.

या आवाजाला हवेतून नीट जाता येत नाही, आणि या तपासणीचे सगळे नियम त्यातूनच निघतात. पोटावर थंडगार जेली लावतात ती यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून. "पाणी पिऊन लघवी रोखून या" असे सांगतात, कारण भरलेली मूत्रपिशवी आतड्यांना बाजूला सारते आणि तिच्यातल्या पाण्यातून मागची गर्भपिशवी स्वच्छ दिसते. "उपाशी या" असे सांगतात तेव्हा पित्ताशय पाहायचे असते. जेवले की ते आकसते आणि आतला खडा लपतो. सकाळी चहा-बिस्कीट खाऊन गेलात तर परत पाठवतील आणि दिवसाची मजुरी बुडेल. पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी सीटीपेक्षाही चांगली. मूतखडा मूत्रपिंडात असला की सोनोग्राफीत सापडतो, पण खाली नळीत उतरला की पुष्कळदा निसटतो. तिथे सीटी उपयोगी पडते. फुफ्फुसात हवा आणि आतड्यात गॅस, म्हणून तिथे सोनोग्राफीचे फारसे चालत नाही.

गरोदरपणात सोनोग्राफीची वेळ महत्त्वाची असते. बाळाच्या अवयवांत काही व्यंग आहे का हे पाहणारी तपासणी १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान व्हायला हवी. सातव्या महिन्यात प्रथमच नाव घालायला गेलो तर ही वेळ टळलेली असते. मग गंभीर व्यंग सापडले तरी पुढचे मार्ग फार अवघड होतात, कारण गर्भपाताच्या कायद्यात २४ आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईची सोनोग्राफी मोफत आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात खास तपासणी असते. आशाताईंना विचारले की जवळचे ठिकाण कळेल.

सोनोग्राफीच्या आधी 'एफ' नावाचा फॉर्म भरून घेतात आणि सही घेतात. गर्भातले मूल मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचे नाही, असे त्यात लिहिलेले असते. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. सांगणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि विचारायला लावणारे नवरा-सासू-सासरेही सुटत नाहीत. खुणेने, मिठाईच्या नावाने सांगणे हाही गुन्हाच. फॉर्म न भरता, रात्री उशिरा, फिरत्या गाडीत सोनोग्राफी करून देणारा कुणी भेटला तर तो काय विकतो आहे हे ओळखावे.

स्तनातल्या गाठीविषयी दोन शब्द. साधारण चाळिशीच्या आतल्या बाईला आधी सोनोग्राफी करतात, कारण तरुण वयात स्तन घट्ट असतो आणि मॅमोग्राफीच्या फोटोत गाठ झाकली जाते. चाळिशीनंतर मॅमोग्राफी. ती स्तनाचा एक्स-रेच असते. स्तन दोन पाट्यांमध्ये दाबतात, क्षणभर दुखते. या दोन्हींआधी डॉक्टरांनी हाताने तपासणे आवश्यक आहे, आणि संकोचाने नेमके तेच टाळले जाते.

सीटी : चकत्या करून पाहणे

साध्या फोटोत सगळ्या सावल्या एकमेकींवर पडतात. पुढची बरगडी आणि मागची बरगडी एकाच ठिकाणी. सीटी स्कॅनमध्ये एक्स-रेची नळी आपल्याभोवती गोल फिरते, शेकडो कोनांतून सावल्या टिपते, आणि संगणक हिशोब करून शरीराच्या चकत्या दाखवतो. कांदा न कापता त्याच्या आतले पदर मोजता यावेत, तसे. इंग्लंडमधील गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी हे यंत्र बनवले. गंमत म्हणजे ते ज्या ईएमआय कंपनीत होते ती गाण्यांच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध. पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनमध्ये झाला आणि १९७९ मध्ये अॅलन कॉरमॅक यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

सीटीचे बळ तिच्या वेगात आहे. काही मिनिटांत काम होते. म्हणून अपघात, डोक्याला मार आणि लकवा यांत पहिला मान सीटीचा. लकव्याबद्दल आम्ही मुद्दाम थांबतो. एकाएकी तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, असे झाले की मेंदूत एक तर रक्ताची गुठळी अडकलेली असते किंवा रक्तवाहिनी फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण तेच इंजेक्शन रक्तस्राव असलेल्याला दिले तर जीव जाऊ शकतो. गुठळी की रक्तस्राव, हे सीटीच सांगते. ताजे सांडलेले रक्त तिच्यात पांढरे चमकते. म्हणून तेल चोळणारा, पाला बांधणारा, "उद्या सकाळी बघू" म्हणणारा, या सगळ्यांना बाजूला सारून १०८ ला फोन करावा आणि सीटीची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. लक्षणे किती वाजता दिसली ती वेळ लक्षात ठेवावी. डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतात. आणखी एक : गुठळीचा लकवा पहिल्या काही तासांत सीटीत दिसत नाही. "स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही नाही" असे समजून रुग्णाला घरी आणू नये. तिथे नॉर्मलचा अर्थ रक्तस्राव नाही, एवढाच असतो.

मूल खाटेवरून पडले की लगेच सीटी लागत नाही. बेशुद्ध झाले, वारंवार उलट्या झाल्या, झटका आला, झोपाळू झाले, कानानाकातून रक्त किंवा पाणी आले, तर मात्र थांबू नये. विचार करायला सांगण्याचे कारण किरण. पोटाच्या एका सीटीत लागणारे किरण हे निसर्गातून अडीच-तीन वर्षांत मिळणाऱ्या किरणांइतके असतात. गरज असेल तेव्हा हा सौदा फायद्याचाच असतो. गरज नसताना, विशेषतः मुलांत, कशाला? २०२१ च्या कोरोना लाटेत ताप आला की छातीचा सीटी काढून "स्कोअर किती?" असे एकमेकांना विचारण्याची रीत पडली होती. ज्यांचा ऑक्सिजन चांगला होता आणि श्वास ठीक होता, अशा बहुतेकांच्या उपचारात त्या आकड्याने काही फरक पडला नाही. फरक पडला तो खिशात.

काही सीटींत नसेतून आयोडीनचे औषध देतात, त्याने रक्तवाहिन्या आणि गाठी उठून दिसतात. औषध जाताना अंगभर गरम वाटते, कपड्यातच लघवी झाली की काय असा भास होतो. घाबरू नये, मिनिटभरात जातो. पण मूत्रपिंडाचा आजार, मधुमेहाच्या गोळ्या, दमा, पूर्वी अशा इंजेक्शनने आलेले पुरळ, हे आधी सांगितलेच पाहिजे. त्याआधी रक्तातले क्रिएटिनिन तपासायला सांगतात, तो फुकटचा खर्च नव्हे.

एमआरआय : पाण्याशी बोलणारे लोहचुंबक

आपल्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी आहे. पाण्यातल्या हायड्रोजनचे कण हे जणू इवलीशी लोहचुंबके. एमआरआयचे प्रचंड चुंबक त्यांना एका रांगेत आणते, मग रेडिओ लहरींचा धक्का देऊन रांग मोडते. परत जागेवर येताना हे कण बारीक संदेश सोडतात. मेंदूतले पाणी, चकतीतले पाणी, सुजेतले पाणी वेगवेगळ्या वेळेत परतते, त्यावरून चित्र बनते. किरण अजिबात नाहीत. मेंदू, मणक्यातली नस, गुडघ्याचे अस्थिबंध यांसाठी याला तोड नाही. पण वेळ वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत लागतो, ठकठक आवाज फार होतो, आणि बोगद्यात न हलता पडून राहावे लागते. बंद जागेत जीव घाबरत असेल तर आधीच सांगावे.

नेहमीचे १.५ टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकापेक्षा सुमारे तीस हजार पट जोरदार असते, आणि हे चुंबक रात्रंदिवस चालू असते. तपासणी चालू नसली तरीही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला. यंत्राने सिलिंडरसह त्याला खेचले आणि त्याचा जीव गेला. तेव्हा जोडवी, मंगळसूत्र, चमकी, केसांच्या पिना, बेल्ट, मोबाइल, किल्ल्या, ताईत सगळे बाहेर काढून ठेवावे. रुग्णानेच नव्हे, सोबत जाणाऱ्यानेही. हृदयाचा पेसमेकर, कानात बसवलेले यंत्र, मेंदूतली क्लिप, अंगातले छर्रे यांची कल्पना द्यावी. तांबी किंवा हाडातला रॉड बहुधा अडचण करत नाही, तरी सांगावे. वेल्डिंग, ग्राइंडिंग, फॅब्रिकेशन करणाऱ्यांच्या डोळ्यात कधीकाळी लोखंडाचा कण गेला असेल तर चुंबक तो हलवू शकते. अशांचा आधी डोळ्याचा साधा फोटो काढतात.

आता कंबरदुखी. हमाली, बांधकाम, झाडलोट, धुणीभांडी करणाऱ्यांच्या घरोघरी ही आहे, आणि सर्वाधिक अनावश्यक एमआरआय याच दुखण्यासाठी निघतात असे आमचे स्पष्ट मत आहे. साधी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांत कमी होते. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा माणसांचे एमआरआय तपासले तेव्हा विशीतल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांत आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्क्यांत चकती फुगलेली आढळली. म्हणजे 'डिस्क बल्ज' हे शब्द पांढऱ्या केसांसारखे आहेत, पुष्कळदा वयाची खूण. रिपोर्टात ते वाचून माणूस वाकणे सोडतो, काम सोडतो, ऑपरेशनच्या चौकशा करतो. मात्र पायातली ताकद जाऊ लागली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, बारीक ताप, घटणारे वजन असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. तिथे एमआरआयला पर्याय नाही आणि उशीर केला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

पेट स्कॅन हा बहुतांशी कर्करोग ठरल्यानंतरचा विषय. किरण सोडणारी साखर नसेतून देतात, कर्करोगाच्या पेशी साखर अधाशीपणे ओढतात आणि त्या जागा चमकतात. या साखरेचा जोर दर दोन तासांनी जवळजवळ निम्मा होतो, म्हणून दिलेली वेळ चुकवू नये, आणि त्या दिवशी गरोदर बाई व तान्ह्या मुलापासून काही तास दूर राहावे.

पैसे, रिपोर्ट आणि फिल्म

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात येत नाहीत, तिथे त्यांचे दर असतात, पण खासगीपेक्षा कमी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारा उपचार असेल तर त्यासाठीच्या तपासण्या पॅकेजात धरलेल्या असतात. बाहेर पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. रेशनकार्ड व उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे.

"याच सेंटरवर काढा" असा आग्रह कुणी धरला तर तो मानण्याचे बंधन नाही. तपासणी कुठे करायची हे निवडण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे, आणि रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत निषिद्ध आहे. डॉक्टरांना नम्रपणे विचारावे : "साहेब, या तपासणीत काय आले तर औषध बदलेल?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. कारण सांगितले की मनही निश्चिंत होते.

रिपोर्टाच्या शेवटी 'इम्प्रेशन' असते, म्हणजे निष्कर्ष. त्याखाली पुष्कळदा 'क्लिनिकल कोरिलेशन' असे लिहितात. चित्र पाहणाऱ्या डॉक्टरने तुम्हाला पाहिलेले नाही, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरने लक्षणांशी ताडून पाहावे, असा त्याचा अर्थ. म्हणून नुसता रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवून औषध मागू नये. फिल्मसह स्वतः जावे.

आणि फिल्म जपावी. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेने उमटतात आणि उष्णतेनेच काळ्या पडतात. पत्र्याच्या छपराखाली, चुलीजवळ, टीव्हीवर ठेवू नयेत. गुंडाळी न करता पाकिटात घालून गादीखाली सपाट ठेवाव्यात, पाकिटावर नाव आणि तारीख लिहावी. सीडी मिळत असेल तर मागून घ्यावी.